मेणावरचे दात

आमच्या घरात उन्हाळा आल्याचं आधी मेणाला कळतं, कूलरला नंतर. एप्रिल अर्धा सरला की फळीवरच्या ढेपेला नुसतं बोट टेकवलं तरी खळगा पडतो, आणि घरभर तो वास सुटतो. थोडा मधाचा, थोडा धुराचा, थोडा ओल्या सालीचा. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, "काय शिजवून राह्यल्या व?" मामी म्हणते, "काईच नाई. आमीच शिजून राह्यलो."

यंदाही तो वास आला आणि मला दोन उन्हाळ्यांमागचा उन्हाळा आठवला. आठवला म्हणजे काय, तो गेलाच कुठे होता. खिडकीत तर ठेवलाय, ओळीने. पण खिडकीचं नंतर सांगते.

मी मूळची हिंगणघाटची. शाळा तिथंच झाली, मग कॉलेजसाठी वर्ध्याला मामाकडे आले ती इथंच चिकटले. मामा बाटिक करतो. म्हणजे कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची आणि कापड रंगात बुडवायचं. मेण असेल तिथं रंग शिरत नाही. मग उकळत्या पाण्यात मेण उतरवलं की नक्षी पांढरी उरते. आणि मेणाला ज्या बारीक भेगा पडलेल्या असतात त्यातून रंग आत झिरपतो, त्याच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उठतात. गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या रेघांचे. चुकून पडल्यासारख्या दिसतात, पण मामाच्या एकाही साडीत त्या चुकून पडलेल्या नाहीत.

मामा कापड रंगवायचा आणि मी माणसं. मला नकला करायची खोड आहे. एसटीचा कंडक्टर सुट्ट्यांवरून कसा करवादतो ते मी करते. शाळेतल्या भूगोलाच्या बाई करते, ज्यांना "पर्जन्यमान" म्हणताना शिंक यायची. आमचा कूलर करते. आधी घरघर, मग पंपात पाणी संपल्यावरची उचकी, मग मामीची थाप, मग परत घरघर. लग्नाघरी बायका म्हणतात, "अव, ते कूलर कर न." चार हजारांची साडी नेसलेल्या बाईला मी कूलरच्या उचकीवर रडेपर्यंत हसवलंय.

पण सगळ्यात अवघड होता मामा.

मामाच्या डाव्या गालात कायम खर्रा. आमच्याकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतात, तो खर्रा. पुरुष खातात, बायका खातात, लपवत कोणी नाही. खर्रा गालात ठेवून बोलायचं म्हणजे रस सांडू नये म्हणून हनुवटी वर करावी लागते. त्यामुळे मामा सगळ्या जगाशी छताकडे बघून बोलायचा. शब्द नाकातून निघायचे, "प"चा "फ" व्हायचा, आणि वाक्य संपलं की एक बारीक "सुर्र". ते सुर्र मला कितीतरी दिवस साधत नव्हतं. गाल फुगवला तर हनुवटी खाली यायची, हनुवटी सांभाळली तर नाक विसरायचं. शेवटी एकदा साधलं. मी मागच्या खोलीतून म्हटलं, "च्या ठेव वं… सुर्र." मामीने "हो जी" म्हणून गॅसवर चहाचा गंज चढवला. थोड्या वेळाने मामा बाजारातून आला, चहा पुढ्यात पाहून चकित झाला, म्हणाला, "तुले कसं समजलं मी येऊन राह्यलो?" मामी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मग मामा हसला. तोंड उघडून हसायचा तो, लालभडक, आतली पडजीभ दिसेपर्यंत.

हे मी मुद्दाम सांगून ठेवते. पडजीभ दिसायची.

मेणाबद्दल मामाचं एक भाषण होतं. कॉलेजच्या मुली बघायला आल्या की तो ते द्यायचा, आणि त्या गेल्यावर मी द्यायचे. पांढरं मेण उचलायचा, मेणबत्तीचं असतं ते. "हे म्हंजे जावई. दिसाले गोरा. जरासा वाकवला का कडकन् तुटला." मग मधमाशीचं पिवळं. "हे म्हंजे सासू. फोटात शिरते अन् मंग निंघता निंघत नाई." मग राळेचा खडा. "अन् हे शेजारी. चिकटते." मुली हसायच्या. मग तो गंभीर व्हायचा. नुसत्या जावयावर संसार होत नाही, सगळी नक्षी पापडासारखी गळून पडते. नुसत्या सासूवरही होत नाही, कापडाला भेगाच जात नाहीत. दोघांना एका गंजात वितळवायचं, शेजारी चिमूटभर. हिवाळ्यात सासू जास्त, कारण थंडीत पांढरं मेण हात लावायच्या आत फुटतं. उन्हाळ्यात जावई जास्त. वर्ध्याच्या मे महिन्यात तर नुसता जावई टाकला तरी भेग पडत नाही, मेण कणकेसारखं लोळत राहतं. मग बर्फाची लादी आणून टबात टाकायची, मेण लावलेलं कापड त्यात बुडवायचं, आणि गारठलं की मुठीत धरून चुरगाळायचं. कापडातून बारीक कटकट आवाज येतो. मामा कान लावून ऐकायचा. "उन्हाळ्यात कापड तडकत नाई," म्हणायचा, "मानसंच तडकतात. कापडाले बरफ पायजे. मानसाले कोन आनून देते?"

त्याला हे वाक्य फार आवडायचं. लग्नात, मयतीला, कुठेही बसवायचा.

पिवळं मेण आणायची मैनाबाई. ती कारंज्याकडच्या जंगलालगतच्या गावची, गोंडाची. वर्षातून एकदा, ऊन तापलं की यायची. सोबत तिची मुलगी, दोघी आपसात गोंडीत बोलायच्या आणि आमच्याशी आमच्यासारखं. फडक्यात वाटीच्या बुडाच्या आकाराच्या ढेपा असायच्या. आणि मग तो सोहळा. मैनाबाई ढेपेचा कोपरा मोडून मामाच्या हातावर ठेवायची. मामा आधी अंगणात जाऊन खर्रा थुंकायचा, चूळ भरायचा, आणि मग मेण दाढेखाली घ्यायचा. डोळे मिटून चावायचा. असली मेण असलं तर गोळा एकत्र राहतो, दाताला धरत नाही. राळ घातली असेल तर दाताला चिकटते. पांढरं मिसळलं असेल तर तोंडात कण कण होतं. आम्ही सगळे त्याच्या जबड्याकडे बघत. मैनाबाई तर अशी बसायची जसा बारावीचा निकाल आहे.

मग मामा हनुवटी वर करून म्हणायचा, "मैनाबाई, घरच्या मेनबत्त्या इतळवल्या काय व?"

ती म्हणायची, "मह्या घरी लाईन गेली का आमी झोपतो, भाऊ. मेनबत्ती कोन जाळते?"

"मंग असली हाय."

दर वर्षी हेच. एका शब्दाचा फरक नाही. चावलेला तुकडा मामा फेकायचा नाही. खिडकीच्या चौकटीत ठेवायचा, गेल्या वर्षीच्याच्या बाजूला. त्यावर त्याच्या दाढांचे ठसे असायचे, खोल, चारी कोपरे दिसतील असे. पावती म्हणायचा त्याला. अशी ओळ झालेली.

दोन उन्हाळ्यांमागे ती ओळ मी पुसायला घेतली. धूळ बसली होती. एकेक तुकडा उचलून फडक्याने पुसत गेले आणि मधेच थांबले. डावीकडचे जुने तुकडे दाढांचे होते. मग पुढे पुढे ठसा उथळ झालेला. मग दाढा नाहीतच, नुसते बाजूचे दात. आणि शेवटच्या तुकड्यावर फक्त समोरच्या दातांची कड, नखाने ओरखडल्यासारखी.

मी मामीला दाखवलं. ती पदराने हात पुसत बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "म्हनून भाकर कुस्करून मागते होय ते."

मग सगळं एकदम आठवायला लागलं. ठेचा बंद केलेला, तोंड पोळतं म्हणून. आंब्याची कोय न चोखता रस वाटीत मागितलेला. जांभई देताना तोंडावर हात. आणि हसणं. मामा किती दिवसांत तोंड उघडून हसला नव्हता, ते आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. आम्हाला वाटलं होतं तो वयाने शांत झाला.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर पोरगी माझ्याएवढीच होती. चांगली होती. "आ करा," म्हणाली. "आणखी. आणखी. काका, आणखी." मामा म्हणाला, "येवढाच हाय." तिने त्यालाच त्याची बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली. साधारण माणसाची तीन जातात. मामाचं दुसरं अडकलं. तिने मग नीट समजावून सांगितलं की सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, दोरासारखी. खर्रा आज बंद झाला पाहिजे. सुया देऊ, व्यायाम देऊ. जे ताठ झालं ते पहिल्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही, पुढचं थांबवायला बघू, आणि दर महिन्याला तपासून घ्या, कारण याचं पुढे वाईटही होऊ शकतं. एवढं सगळं ती मराठीत, हळू, दोनदा बोलली. आमच्या लक्षात न येण्यासारखं तिने काही ठेवलं नव्हतं.

घरी आल्यावर मी वातावरण हलकं करायला तिची नक्कल केली. "आणखी. काका, आणखी." मामा हसला. म्हणजे डोळे हसले, खांदे हसले, नाकातून वारा आला. तोंड होतं तिथंच होतं.

आता मामाची गंमत ऐका. गंमत म्हणते कारण दुसरा शब्द मला सापडला नाही. त्याने त्या संध्याकाळी खर्रा सोडला, खरंच सोडला, ज्यासाठी मामी लग्नापासून देव पाण्यात ठेवून होती. आणि दुसऱ्या दिवशी फळीवरच्या असली मेणाचा तुकडा गालात धरून बसला.

"हे काय?" मी विचारलं.

"औषद."

"कोनी देल्लं?"

"कोनी काऊन द्याले पायजे? मले समजत नाई काय?" तो छताकडे बघत म्हणाला. "तोंडात फांढरं मेन झालं माह्या. ताठ. वाकवलं का तुटते. फांढऱ्याले काय मिसळतो आपन? हे. हिवाळ्यातलं कापड या मेनानं नरम राह्यते, मंग मानसाचा गाल काय नायलॉनचा हाय?"

आणि मला ते पटलं. मामीलाही पटलं. आता लिहिताना वेडेपणा वाटतो, पण तेव्हा त्या घरात दुसरं पटण्यासारखं काही नव्हतं. जन्मभर त्याने ताठ झालेलं नरम करूनच दाखवलं होतं. शिवाय डॉक्टरही म्हणाली होती, तोंड हलतं ठेवा, चावत राहा. फक्त तिने काय चावायचं ते सांगितलं नव्हतं. आम्ही ती रिकामी जागा आमच्या हाताने भरली.

तो सगळा उन्हाळा मामा मेण चावत होता. सकाळी रंगाच्या टबाशी उकिडवा बसून, दुपारी कूलरसमोर. तिने दिलेला व्यायामही करायचा. कुल्फीच्या काड्या एकावर एक रचून दातात धरायच्या आणि जमेल तशी एक आणखी सरकवायची. नाक्यावरचा कुल्फीवाला वापरलेल्या नाही, कोऱ्या काड्या द्यायचा, फुकट. विचारायचा, "किती झाल्या, मामा?" मामा बोटं दाखवायचा. एक काडी वाढली त्या दिवशी मामीने शिरा केला. अख्खी गल्ली खाऊन गेली. मी डॉक्टरची, कुल्फीवाल्याची आणि खुद्द काडीची नक्कल केली. काडी काय बोलेल, तर "मामा, लागते न मले, सरक थोडा."

तो शिरा मला अजून आठवतो. बेदाणे होते त्यात. घरात कोणी पास झाल्यासारखं वाटत होतं.

नंतरच्या तपासणीला डॉक्टरने बोट घालून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "काका, सुया चुकवल्या तुम्ही." मामाने हनुवटी वर केली. त्याने सुयांच्या ऐवजी मेण धरलं होतं. तिला सांगावं की नाही म्हणून मामी आणि मी एकमेकींकडे बघत होतो, तोवर मामानेच खिशातून तुकडा काढून तिच्या टेबलावर ठेवला. समोरच्या दातांची कड उमटलेला. ती रागावली नाही. तुकडा हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "छान वास आहे." मग म्हणाली, "याने काही बिघडलं नसेल, काका. पण वेळ गेला."

त्या सुया सुरू झाल्या. काड्या चालू होत्या. वाढलेली काडी पावसाळ्यात परत कमी झाली. मग शस्त्रक्रिया झाली, कापून मोकळं केलं, काही दिवस मामा दोन बोटांएवढा आ करून आम्हाला मुद्दाम दाखवायचा. मग ते आतून परत जुळत आलं. मेणही असंच करतं. भेग पडलेलं कापड उन्हात राहिलं तर भेगा मिटतात, जणू कधी पडल्याच नव्हत्या. मामाला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता तो पेज पितो, डाळीचं पाणी, पातळ केलेला रस, एका बाजूने. साड्या अजून करतो. हात तेच आहेत. पण कॉलेजच्या मुली आल्या की जावई आणि सासूचं भाषण मी देते, त्याच्या जुन्या आवाजात, गाल फुगवून, सुर्रसकट. मुली हसतात. मामा टबाशी पाठ करून बसलेला असतो. एकदा तो मधेच वळला, मला वाटलं चूक काढणार. त्याने नुसतं बोट उचलून राळेच्या खड्याकडे दाखवलं. मी शेजारी विसरले होते.

परवा मैनाबाई आली. एकटीच, मुलगी कामाला पुण्याकडे गेली म्हणाली. ओट्यावर बसली, पाणी प्याली, फडकं सोडलं. ढेपा लहान होत्या, रंग फिकट. "मधाचे मव्हाळं कुठी राह्यले आता," ती कोणी न विचारता बोलली. "झाडं हायेत तं फुलं नाई. फुलं आले तं माश्या नाई."

मग रीतीप्रमाणे तिने कोपरा मोडला आणि मामाच्या हातावर ठेवला.

मामी म्हणाली, "बाई, त्यायले आता…" आणि थांबली.

मामा उठला. अंगणात गेला. थुंकायला काही नव्हतं, तरी गेला, चूळ भरली, आला. तुकडा तोंडाला लावून पाहिला. जात नव्हता. मग त्याने तो दोन्ही तळव्यांत दाबला, उन्हाने नरम झालेला होताच, दाबून दाबून पापडाएवढा पातळ केला आणि दातांच्या फटीतून आत सरकवला. डोळे मिटले. जबडा हलतोय की नाही ते कळत नव्हतं. गळ्याची शीर हलत होती. मैनाबाई तशीच निकालाला बसल्यासारखी.

बऱ्याच वेळाने त्याने तुकडा बाहेर काढला. ओला होता. त्यावर काहीच उमटलेलं नव्हतं.

त्याने मला खूण केली. मी ढेपेचा दुसरा कोपरा मोडून दाढेखाली घेतला. पहिल्याच चावण्याला कण कण झालं, वाळूसारखं. अर्ध्याहून जास्त पांढरं असणार. मी मैनाबाईकडे पाहिलं. ती फडक्याची गाठ परत बांधत होती, ज्यात बांधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. "मैनाबाई, घरच्या मेनबत्त्या…" हनुवटीसुद्धा वर गेली होती. पण या वर्षी ते विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता, एकटक, जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो. चव त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळली.

"राहू दे," तो म्हणाला. दात मिटलेलेच होते.

मामीने मेण वजन करून फळीवर ठेवलं. मैनाबाईने जाताना मामाला वाकून नमस्कार केला, जो तिने आजवर कधी केला नव्हता. वयाने ती मोठी आहे.

मामाने तो पातळ तुकडा खिडकीत नेऊन ओळीच्या शेवटी ठेवला. दुपारचं ऊन तिथंच पडतं. जुन्या तुकड्यांच्या कडा मऊ होऊन खाली बसायला लागल्या आहेत, दाढांचे चौकोन गोल होत चाललेत. मी ते आत सावलीत घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे."

त्याच दुपारी मामा दुकानात कापड आणायला गेला. मामी आतल्या खोलीत पडली होती. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते आणि खोडच आहे माझी, दात मिटून, ओठ जरा हलवून म्हणून पाहिलं, "राहू दे." पहिल्याच खेपेला हुबेहूब आलं. गाल फुगवायचा नाही, हनुवटी वर नाही, नाक नाही, सुर्र नाही. काही शिकावंच लागत नाही. कोणालाही जमेल.

आतून मामी म्हणाली, "हो जी."